विषय: मंडळाची उंच खुर्ची रविवारच्या आधी मिळेल का? (उष्टावण)

पिल्लूची आई, मंगळवार, रात्री 11.40

नमस्कार मंडळी,

ती पांढरी उंच खुर्ची सध्या कोणाकडे आहे? दिवाळीनंतर भांडारात परत गेली का? मला ती गुरुवारपर्यंत हवी आहे, म्हणजे रविवारच्या आत पिल्लूला बसायची थोडी सवय होईल. आमच्या घरची खुर्ची मागे कलते. त्यात ठेवलं की पाचव्या मिनिटाला तो घसरतो, पोट दुमडतं आणि प्यायलेलं सगळं हनुवटीवरून गळ्याच्या वळ्यांत जातं. पुसून पुसून तिथली कातडी लाल झालीय. मांडीवर ताठ धरला तर काही होत नाही, म्हणजे गोम बसण्यातच आहे.

रविवारी त्याला बरोबर 26 आठवडे होतात. मान पक्की आहे, हाताला लागेल ते तोंडात घालतो. उष्टावणात खिरीऐवजी त्याच्या वाटीत दुसरं काही चालेल का? काकू, तुम्हाला वेगळा फोन करते.

भांडार (सांभाळणारे दादा), बुधवार, सकाळी 7.15

खुर्ची माझ्या गॅरेजमध्ये आहे. पण मार्चच्या सभेत ठरलंय की मंडळाच्या वस्तू कार्यक्रमाखेरीज घरी द्यायच्या नाहीत. गणपतीत गेलेली हीच खुर्ची पट्ट्याशिवाय परत आली होती, हे सगळ्यांना आठवत असेल. रविवारी 10 वाजता हॉलवर आणतो, तिथे हवा तितका वेळ बसवा.

जुळ्यांचा बाबा, बुधवार, सकाळी 8.02

दादा, तो पट्टा मी नवीन आणून लावला. पावती खजिनदारांकडे दिलीय. गणपतीतली खुर्ची आम्ही नेली नव्हती, ते एकदा लक्षात घ्या.

पिल्लूची आई, आमच्या दोघांपैकी धाकट्याला असाच त्रास होता. थोरला तीच बाटली पिऊन झोपायचा आणि धाकट्याचे दिवसाला आठ झबले बदलायचो. त्या पांढऱ्या खुर्चीत सहा महिन्यांचं मूल सैल बसतं. दोन छोटे टॉवेल घट्ट गुंडाळून कमरेच्या दोन्ही बाजूंना घाला, बूड अगदी मागे टेकवा, आणि पायाखाली बुटाचं खोकं ठेवून चिकटपट्टीने बांधा. पाय अधांतरी असले की मूल पुढे सरकतं आणि पोटावर वाकतं. गुडघे काटकोनात आले की पाठ आपोआप ताठ होते. आम्हाला हे कळायला तीन आठवडे लागले, ते तुमचे वाचावेत म्हणून लिहितोय.

दादा, खुर्ची द्या. मी जबाबदारी घेतो.

स्लाउची आजी, बुधवार, सकाळी 10.30

अगं, उष्टावणात खीर नाही असं कसं? मामाच्या मांडीवर बसून चांदीच्या वाटीतली खीरच लागते. मुलाचं सम महिन्यात, सहाव्यात करताय ते बरोबर. पण ओकतो म्हणून अन्न लांबवू नका. आम्ही साताऱ्यात चौथ्या महिन्यातच भाताची पेज सुरू करायचो. माझा थोरला वर्षाचा होईपर्यंत ओकायचा, माझी प्रत्येक साडी खांद्यावर डागाळलेली असे. बाळगुटी दे. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, सहाणेवर एकेक वेढा. माझ्याकडे पूर्ण संच आहे, रविवारी आणते.

डाएटिशियन वहिनी, बुधवार, दुपारी 1.10

आजी, तुमचा थोरला वर्षाचा झाल्यावर थांबला, हे महत्त्वाचं लिहिलंत. बहुतेक बाळांचं तसंच होतं. अन्ननलिका आणि पोट यांच्यामधली झडप कच्ची असते, त्यामुळे दूध वर येतं. वय वाढतं, मूल बसू-उभं राहू लागतं आणि त्रास कमी होतो. त्यात पेजेचं श्रेय फार नसतं.

बाळगुटीला मात्र माझा स्पष्ट नकार आहे. जायफळाने बाळाला गुंगी येऊ शकते, वेखंड बाळाच्या पोटात घालण्यासारखं नाही, आणि एका वेढ्यात किती उतरलं हे मोजता येत नाही. संच जपून ठेवा, रविवारी आणू नका.

पिल्लूची आई, चौथ्या महिन्यात घाई केली नाहीत ते बरं केलंत. इथे इंग्लंडमध्ये साधारण सहा महिने सांगतात. टेकू देऊन बसणं, मान स्थिर असणं, वस्तू बघून, पकडून तोंडाकडे नेणं आणि घास जिभेने बाहेर न ढकलता गिळणं, एवढं जमलं पाहिजे. तुमच्या लिहिण्यावरून तो जवळ आलाय.

पेज देऊ नका. पातळ पेज पोट भरते, पोषण कमी देते आणि दुधासारखीच वर येते. चमचा तिरका केला तर लगेच ओघळणार नाही इतपत दाट हवं. पाण्यात शिजवलेला लाल भोपळा, रताळं, गाजर, नाहीतर मऊ शिजवून घोटलेला तांदूळ. एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस तोच. पहिल्या दिवशी दोन चमचे म्हणजे खूप. भरल्या पोटी नको, दूध पिऊन तासभर झाल्यावर. नंतर अर्धा तास उभा धरा किंवा ताठ बसवा. लगेच गाडीच्या सीटमध्ये अजिबात नको, त्यात पोट दबतं. टोमॅटो, संत्रं काही बाळांना झोंबतं, ते मागाहून. मीठ नको. मध वर्षाच्या आत कधीच नको. आणि दूध कमी करायचं नाही, अजून कित्येक महिने तेच मुख्य.

गॅविस्कॉनची (दूध वर येऊ नये म्हणून देतात ती) पुडी चालू असेल तर तिच्याबरोबर दूध घट्ट करणारं दुसरं काही घालू नका, तसं पुडीच्या कागदावरही लिहिलेलं असतं. बाटलीत तांदळाचं पीठ तर नाहीच. रात्री पलंगाची उशाची बाजू उचलू नका, सपाट आणि पाठीवरच झोपवा.

उलटी हिरवी किंवा पिवळी झाली, रक्त दिसलं, जोरात लांब उडाली, पोट फुगून टणक झालं किंवा लंगोट कोरडे राहिले तर थांबू नका, जीपींना (आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना) किंवा 111 या आरोग्यसेवेच्या नंबरवर फोन करा.

स्लाउची आजी, बुधवार, दुपारी 2.45

वेखंडाचं मला ठाऊक नव्हतं. संच घरीच ठेवते. पण एक चमचा खिरीने काय होतंय?

पिल्लूची आई, बुधवार, रात्री 9.20

आजी, खरं कारण लिहिते, लपवायचं काही नाही. उलट्यांबरोबर अंगावर पुरळ आणि शौचात चिकट आव दिसली, तेव्हा जीपींनी गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल म्हणून मला दूध, दही, पनीर, तूप सगळं बंद करायला सांगितलं. सहा आठवडे मी काळा चहा पितेय. पुरळ गेलं, उलट्याही निम्म्यावर आल्या, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो सलग चार तास झोपला. खिरीत दूध, साखर, बदामाची पूड, वेलची, सगळं एकदम. परत त्रास झाला तर कशाने झाला ते मला कळणार नाही. म्हणून भीती वाटते. विधीला विरोध नाही. त्याच्या मामाने त्यासाठी डब्लिनहून तिकीट काढलंय.

रेडिंगच्या काकू, गुरुवार, सकाळी 6.50

बाळा, आधी का नाही सांगितलंस? एकटीने रात्री रडत बसली असशील.

रविवारी हॉलचं स्वयंपाकघर माझ्याकडे आहे, त्यामुळे हे मी ठरवते. बाकीच्या चार मुलांची खीर नेहमीच्या पातेल्यात. पिल्लूसाठी मी माझ्या घरचं छोटं स्टीलचं पातेलं आणि वेगळा डाव आणते. आंबेमोहोर धुऊन, वाळवून, कोरडाच भाजून रवाळ दळते आणि पाण्यात खिमटासारखं मऊ शिजवते. मुगाची डाळ त्या दिवशी नाही, एकच पदार्थ म्हटलंय ना. तूप नाही, हिंग-जिरं नाही. चाळणीवर घोटून देते. तांदूळ तोच, अन्नही तेच. माझ्या नातीचं उष्टावण करताना गुरुजींनीही भातच चालवला होता. बाकी कोणी घरून शिजवून आणू नका, मागच्या वर्षी ओट्यावर सात डबे होते आणि कशात काय आहे कोणालाच सांगता येत नव्हतं.

दादा, खुर्ची आज द्या.

भांडार, गुरुवार, सकाळी 8.30

काकू, तुम्ही म्हणताय म्हणून नाही, ॲलर्जीचं वाचलं म्हणून. माझ्या भाचीला शेंगदाण्याची आहे, ती धावपळ मी पाहिलीय. संध्याकाळी 7 नंतर या. ट्रे वेगळ्या पिशवीत आहे, तो विसरू नका. खुर्ची धुवून ठेवतो, दिवाळीची खीर सांध्यात वाळून बसलीय, नखाने काढावी लागतेय.

नियमाचं पुढच्या सभेत बोलू. लहान मुलांच्या वस्तूंना सूट असावी असं माझं मत झालंय.

जुळ्यांचा बाबा, गुरुवार, सकाळी 8.41

सभेत मी अनुमोदन देईन. पट्ट्याच्या पावतीचंही तेव्हाच घ्या.

पिल्लूची आई, शुक्रवार, दुपारी 3.05

काल रात्री आणि आज सकाळी बसवला. टॉवेल दोन, पायाखाली खोकं. आज 12 मिनिटं बसला, रिकामा चमचा ट्रेवर आपटत होता, आणि एक थेंब वर आला नाही. मी समोर जमिनीवर बसून घड्याळ बघत होते.

रविवारी 9 वाजता पाजते, म्हणजे 10 ला घास देता येईल. काकू, चांदीची वाटी आमची आणू ना?

रेडिंगच्या काकू, शुक्रवार, दुपारी 3.30

आण. घरून गरम पाण्याने धुवून, पिशवीत बांधून आण, खिरीच्या वाट्यांजवळ ठेवू नको. चमचा मात्र मऊ रबरी आण, चांदीचा हिरड्यांना टोचतो. आणि दोन झबली जास्तीची घे.