फीचरसाठी ग्राहकांकडून वर्गणी काढायची तर पैसे कधी घ्यायचे?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. फोंड्यात आम्ही दोघं गेस्ट हाऊस आणि होमस्टेसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर चालवतो. मागण्या ढीगभर, म्हणून ठरवलं की ज्याला जे फीचर हवं त्याने त्यासाठी वर्गणी काढावी. तयार झालं की सगळ्यांनाच मिळेल.

आधी नुसतं मतदान घेऊन पाहिलं. फुकट मत म्हटल्यावर लोक सगळ्यालाच ‘हवं’ म्हणतात! पैशांचे आकडे मागितले तर उलटंच. परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते (पूर्वीचा फॉर्म सी), ती आपोआप तयार व्हावी ही काणकोण-पेडण्याच्या छोट्या मालकांची मागणी. पण मोठ्या हॉटेलांनी रेस्टॉरंटच्या बिलासाठी रक्कम टाकली आणि तेच वर गेलं. क्वाड्रॅटिक फंडिंग या वर्गणीच्या पद्धतीत रकमेपेक्षा माणसांच्या संख्येला वजन मिळतं, हे खरं. पण त्यात लोकांच्या वर्गणीवर स्वतःच्या पैशांची भर घालणारा कोणीतरी लागतो. तो आमच्याकडे नाही.

नुसत्या शब्दावर थांबलो तर ऐनवेळी लोक मागे सरतात. आगाऊ घेतले तर सेवेच्या आगाऊ रकमेवरही जीएसटी लागतो (आमची नोंदणी आहे), आणि लक्ष्य गाठलं नाही तर परताव्याची कागदपत्रं वेगळी. सोर्स कोड खुला करणार नाही, तो सल्ला नको.

यूपीआयच्या एकवेळ मँडेटने (ग्राहकाने आधीच दिलेल्या मंजुरीने) रक्कम ग्राहकाच्याच खात्यात अडकवून, लक्ष्य गाठल्यावरच वळती करणं कोणी प्रत्यक्ष केलंय का? आणि एका ग्राहकाच्या वाट्यावर किती टक्क्यांची मर्यादा ठेवलीत?