‘व्हेन आय विल कम’ला हसणं आता पुरे

गवती_चहा
ऑफिसच्या ग्रुपवर एका नव्या पोरानं लिहिलं, ‘आय विल कॉल यू व्हेन आय विल रीच.’ दुसऱ्या ‘विल’भोवती लाल गोल काढून स्क्रीनशॉट लगेच दुसऱ्या ग्रुपवर. पोरगा मराठी माध्यमातला, कामात वाघ. हसणाऱ्यांपैकी एकालाही त्याचा अर्थ लागला नव्हता असं नाही.

नियम मलाही पाठ आहे. व्हेन, आफ्टर, बिफोर, अन्टिल, ॲज सून ॲज यांनी सुरू होणाऱ्या गौणवाक्यात गोष्ट उद्याची असली तरी क्रियापद वर्तमानात ठेवायचं. ‘व्हेन आय रीच, आय विल कॉल.’ मान्य. पण ही इंग्रजीची सवय आहे, त्यात तर्क शोधू नका. फ्रेंचमध्ये याच जागी भविष्यकाळ येतो आणि तो शुद्ध असतो. खुद्द इंग्रजीत १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘व्हेन द सन ऑफ मॅन शॅल कम इन हिज ग्लोरी’ असं आहे. तिथे कुणी लाल गोल काढत नाही.

ज्यानं काही अडत नाही त्या चुकीवर आपण तुटून पडतो, आणि ‘टिल आय डोन्ट कम, वेट हिअर’ मात्र बिनबोभाट खपतं. माझं म्हणणं, ‘व्हेन आय विल’ला भारतीय इंग्रजी म्हणा आणि सोडून द्या.

माजी_मास्तर
सपशेल असहमत. अडत नाही हे कुणी सांगितलं? ही दोन वाक्यं घ्या.
‘टेल हिम व्हेन आय विल कम.’ म्हणजे मी कधी येणार ते त्याला सांग.
‘टेल हिम व्हेन आय कम.’ म्हणजे मी आलो की त्याला सांग.
पहिल्यात ‘व्हेन’पासून पुढचं नामवाक्य आहे, म्हणजे काय सांगायचं ते दाखवणारं, तिथे ‘विल’ लागतोच. दुसऱ्यात ते वेळ दाखवणारं गौणवाक्य आहे, तिथे ‘विल’ चालत नाही. सगळा फरक त्या एका शब्दावर उभा आहे आणि तुम्ही म्हणता सोडून द्या! पोराला हसू नये, हे शंभर टक्के मान्य. पण हसायचं नाही म्हणून शिकवायचंही नाही, हा कुठला न्याय?

बायबलचा दाखला तर राहू द्या. त्या काळचं ‘दाऊ’ (तू) आणि ‘दाय’ (तुझं) आज मेलमध्ये लिहाल का?

शेवटची_लोकल
तर्काच्या गप्पा नोकरी पक्की असलेल्यांनी माराव्यात. मुलाखतीत समोरचा माणूस फ्रेंचचं व्याकरण आठवत बसत नाही. मास्तरांना +१.

कोथिंबीर_जुडी
दोघंही मुळाशी जात नाही आहात. ही चूक मातृभाषेमुळे होते असं सगळे गृहीत धरतात. घरी कोण म्हणतं हो, ‘जेव्हा मी पोचेन तेव्हा मी तुला फोन करेन’? आपण म्हणतो, ‘पोचलो की फोन करतो.’ ‘पाऊस थांबला की निघू.’ ‘पगार झाला की देतो.’ (हे शेवटचं जरा जास्तच वेळा.) गोष्ट पुढची, पण क्रियापद भूतकाळी. म्हणजे अशा जागी भविष्यकाळ टाळायची सवय आपल्या जिभेला आधीपासून आहे.

मग ‘विल’ येतो कुठून? वर्गातल्या भाषांतरातून. ‘व्हेन म्हणजे जेव्हा’ असं फळ्यावर लिहिलं, की ‘जेव्हा मी पोचेन’ आलं, आणि ‘पोचेन’चा ‘विल रीच’ झाला. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी दहावी-बारावीला सराव कशाचा, तर ‘ॲज सून ॲज’ काढून ‘नो सूनर… दॅन’ घाला याचा. ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन…’ ज्याला पाठ येतं, तोच पोरगा मित्राला ‘ॲज सून ॲज आय विल गेट टिकट’ लिहितो. मार्क मिळाले, संपलं.

‘की’वरून शिकवा, निम्मा प्रश्न सुटेल.

माजी_मास्तर
कल्पना छान आहे. पण पोरांनी त्यावर काय लिहून आणलं ते ऐका: ‘व्हेन आय रीच्ड, आय विल कॉल यू.’ पोचलो म्हणजे रीच्ड! चूक गेली नाही, तिनं फक्त कपडे बदलले. ‘की’ दाखवा, जरूर दाखवा, पण त्यानंतर इंग्रजीचा वर्तमानकाळ घोटवून घ्यावाच लागतो. ‘नो सूनर’बद्दल मात्र सहमत. आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलं नाही, आणि शिकवलं सगळ्यांना.

पंपहाऊस
चाकणला मशिनरी बसवण्याचं काम करतो, म्हणून ‘टिल’वर लिहितो. आपण म्हणतो, ‘मी सांगत नाही तोवर पंप चालू करू नका.’ हिंदीतही ‘जब तक नहीं’, त्यामुळे साइटवर सगळ्यांचं इंग्रजी एकाच साच्यातलं: ‘डोन्ट स्टार्ट द पंप टिल आय डोन्ट कन्फर्म.’ आपसात कधी गफलत होत नाही. एकदा हेच परदेशी इंजिनिअरला मेल केलं. त्याचं उत्तर आलं: कन्फर्म केल्यावर चालू करायचं, की कन्फर्म न केल्यावर? तो चेष्टा करत नव्हता. इंग्रजीत ‘टिल’नंतरचा तो नकार खरोखरच अर्थ उलटा फिरवतो.

तेव्हापासून आमच्या फलकावर ‘टिल’ नाही. ‘डोन्ट स्टार्ट बिफोर आय कन्फर्म.’ ‘बिफोर’मध्ये नकार घालायचा मोह कुणाला होत नाही.

तेव्हा चुकांची प्रतवारी हवी, या बाबतीत गवती चहांच्या बाजूनं. सोडून देण्याच्या बाबतीत नाही.

गवती_चहा
मास्तर, ‘टेल हिम’चं उदाहरण बिनतोड आहे, पण ते तुमच्यावरच उलटतं. नियम घोकलेली पोरं ‘व्हेननंतर विल नाही’ एवढंच लक्षात ठेवतात आणि ‘कधी मोकळे असाल ते कळवा’ला ‘लेट मी नो व्हेन यू आर फ्री’ लिहितात. समोरचा माणूस मोकळा होईपर्यंत उत्तरच देत नाही. ‘विल बी फ्री’ लिहिलं असतं तर तारीख मिळाली असती! अर्धवट नियमापेक्षा नियम नसलेला बरा, यावर मी ठाम आहे.

माजी_मास्तर
अर्धवट शिकवलं तर ते पूर्ण शिकवा. औषध अर्धं घेतलं म्हणून डॉक्टर वाईट होत नाही.

शेवटची_लोकल
भांडण चालू द्या, पण मला आज मेल पाठवायचाय. ‘आफ्टर आय फिनिश’ की ‘आफ्टर आय हॅव फिनिश्ड’?

माजी_मास्तर
दोन्ही चालतात. काम पुरतं हातावेगळं झाल्यावर, हे ठसवायचं असेल तर दुसरं. ‘विल हॅव फिनिश्ड’ मात्र कुठेच नको.

कोथिंबीर_जुडी
कुठेच कसं? ‘बाय द टाइम यू कम, आय विल हॅव फिनिश्ड.’

माजी_मास्तर
ते मुख्य वाक्य आहे हो. मी ‘आफ्टर’च्या पोटातल्या वाक्याबद्दल बोलतोय. लोकल, तुम्ही मेल पाठवा.