बोडोनी आतल्या मजकुरासाठी वापरावा का?

प्रश्न

इंग्रजी कवितांच्या एका पुस्तकाची मांडणी करीत आहे. शीर्षकांसाठी बोडोनी हा टंक (फॉन्ट) निवडला आणि मोठ्या आकारात तो इतका देखणा दिसला की कविताही त्याच टंकात लावाव्यात असे वाटले. परंतु १० पॉइंटला (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचे माप) छापून पाहिल्यावर बारीक रेषा तुटक उमटल्या आणि जाड उभे दांडे तेवढे डोळ्यांत भरू लागले. हा टंकाचा दोष आहे की माझ्या निवडीचा?

पहिले उत्तर

टंकाला दोष देऊ नये. ज्याच्या नावाने हा टंक ओळखला जातो तो जाम्बात्तिस्ता बोडोनी १७६८ पासून इटलीतील पार्माच्या ड्यूकचा छापखाना सांभाळत होता आणि त्या काळी प्रत्येक आकारासाठी ठसा वेगळा कोरावा लागत असल्यामुळे लहान अक्षरांतील बारीक रेषा किंचित जाड ठेवणे व अक्षर थोडे मोकळे करणे कारागिराच्या हातूनच होत असे. त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने १८१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या नमुनापुस्तकात एकमेकांच्या अगदी जवळच्या आकारांसाठीही स्वतंत्र अक्षरे पाहायला मिळतात. आज आपण बहुधा एकच आराखडा लहान-मोठा करतो. समजा, ७२ पॉइंटला एखादी रेषा अर्धा पॉइंट जाड असेल, तर १० पॉइंटला ती जेमतेम ०.०७ पॉइंट उरते. मग ती छपाईत टिकणार कशी? १९९४ च्या आयटीसी बोडोनी या डिजिटल टंकात ६, १२ आणि ७२ पॉइंटसाठी निरनिराळे आराखडे आहेत. त्यांतील १२ चा आराखडा मजकुराला लावून पाहावा.

दुसरे उत्तर

हे सारे मान्य करूनही दीर्घ गद्यासाठी मी बोडोनी सुचवणार नाही, कारण अक्षरांचा भार सरळ उभ्या दांड्यांवर असल्याने ओळ कुंपणासारखी दिसू लागते आणि नजर आडवी सरकण्याऐवजी प्रत्येक दांड्यापाशी अडखळते. कवितेच्या ओळी आखूड असतात, भोवती कोरी जागा असते, म्हणून तिथे तो चालू शकेल. मात्र दोन ओळींतील अंतर सढळ ठेवावे. कागद गुळगुळीत हवा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी लहान अक्षरे तर मुळीच नकोत, कारण शाई पसरली की बारीक रेषा बुजून जातात.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. त्याऐवजी डिडो हा टंक घेतल्यास फरक पडेल का?

पहिले उत्तर देणारे

अडचण तीच राहील, किंबहुना वाढेल. पॅरिसच्या फिर्मँ डिडोच्या अक्षरांतील सेरिफ (दांड्याच्या टोकांवरच्या लहान आडव्या रेषा) सपाट, केसाइतके बारीक आणि दांड्याला थेट काटकोनात भिडणारे आहेत; बोडोनीच्या मूळ अक्षरांत त्या सांध्याशी पुष्कळदा हलकासा बाक आढळतो, तेवढीच काय ती मृदुता. ‘हार्पर्स बझार’ या मासिकासाठी टंकरचनाकार जोनाथन हेफ्लर यांनी डिडो नव्याने रेखाटला तेव्हा त्यांनाही वेगवेगळ्या आकारांसाठी सात आराखडे करावे लागले. दोन्हीही नको वाटल्यास कवितांसाठी बास्करव्हिल हा टंक घ्यावा: त्यात जाड-बारीक रेषांतला फरक सौम्य आहे आणि बोडोनीने त्याचा कर्ता जॉन बास्करव्हिल याच्याकडूनही प्रेरणा घेतली असल्यामुळे शीर्षकांच्या बोडोनीशी त्याचे नाते सहज जुळते.