कापसाचं जिन आणि बियाण्यातला जीन

प्रश्न : हिंगणघाटच्या बाजारात कापूस न्यायचा म्हटलं की घरचे विचारतात, 'जिनात चालला काय?' कापसातली सरकी (बी) काढायच्या मशीनला जिन म्हणतात हे समजलं. पण दारूही जिन, पँटही जीन आणि बीटी बियाण्यात असतो म्हणतात तोही जीन. हे सगळे एकाच खानदानातले आहेत काय, भाऊ?

उत्तर : नाही भाऊ. चारांपैकी दोघांचंच नातं आहे, आणि ते दोघंही आपल्या पऱ्हाटीशी, म्हणजे कपाशीशी जुळलेले : यंत्र आणि बियाण्यातला जीन.

कापसाचं जिन म्हणजे 'इंजिन'च. बोलताबोलता पुढचा 'इं' गळाला. मूळ लॅटिन शब्द 'इंजेनियम', म्हणजे उपजत बुद्धी. बुद्धीवरून युक्ती, युक्तीवरून यंत्र असा अर्थ सरकत गेला. जुन्या इंग्रजीत सापळ्याला जिन म्हणत, ओझं वर ओढायच्या रहाटालाही जिनच. अमेरिकेच्या एली व्हिटनीनं १७९४ मध्ये सरकी काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हा शब्द कापसाला चिकटला तो कायमचा. विहिरीवरचं डिझेल इंजिन आणि बाजारातलं जिन हे सख्खे भाऊ समजा. इंजिनिअरही त्याच घरचा.

बियाण्यातला जीन ग्रीकमधून आला. 'गेनोस' म्हणजे वंश, कूळ. त्यावरून डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी १९०९ मध्ये हा शब्द घडवला. 'इंजेनियम' आणि 'गेनोस' दोन्हींच्या मुळाशी जन्म देणं या अर्थाचा एकच प्राचीन धातू आहे. संस्कृतातला 'जन्' तोच. जन्म, जनक, जनता हे सगळे त्याचेच. म्हणून 'जनुक' हा मराठी प्रतिशब्द मला फार आवडतो. अर्थही बरोबर, नातंही बरोबर.

दारूचं नाव ज्युनिपरच्या फळावरून, डच 'येनेव्हर'मधून आलं. पँटीचं इटलीतल्या जेनोआ शहरावरून. कापड सुती असलं तरी शब्दाचा जिनिंगशी काही संबंध नाही.

आणखी एक वाचक : यात एक भर घालतो. आपल्याकडे जिन म्हणजे नुसतं यंत्र नव्हे, अख्खं आवार : काटा, कापसाच्या गंज्या, रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) गाठी बांधायची प्रेस, सारं त्यातच आलं. 'गाडी जिनात लागली' म्हणजे गाडी आवारात उभी आहे. इंग्रजीतही जिन म्हणजे कारखाना असा वापर आहेच. सरकी काढण्याला मराठीत 'रेचाई' हा नेमका शब्द आहे, पण पावतीवर जिनिंगच छापलेलं असते.

उत्तर : बरोबर. रेचाई टिकायला पाहिजे, कारण त्यात काम दिसते. डबल रोलर जिनापाशी उभं राहून पाहा : चामड्याच्या रोलरला धरून रुई पुढं ओढली जाते, मधलं पातं सरकीला टोले देते आणि सरकी जाळीतून खाली पडते. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण ३३ ते ३५ किलो, बाकी बहुतेक सरकीच. लिहिताना मात्र यंत्राला ऱ्हस्व 'जिन' आणि जनुकाला दीर्घ 'जीन' ठेवावं, उच्चारही तसेच आहेत.