कॉमिक्सवर सही घ्यायचे पाचशे रुपये: द्यावेत का?

दाभणदोरा

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईने हवाय. कार्यक्रम येत्या रविवारी कुडाळला आहे.

आमच्या वडिलांचं वेंगुर्ल्यात एसटी स्टँडजवळ दुकान होतं. वह्या, पेनं, लॉटरीची तिकिटं आणि मागच्या फळीवर भाड्याने द्यायची कॉमिक्स. वेताळ, मांड्रेक, बहादूर, शिवाय अमर चित्र कथा. मे महिन्यात चाकरमानी उतरले की त्यांची पोरं दुकानाच्या बाकावरच ठाण मांडायची. दुकान केव्हाच बंद झालं, एक पत्र्याची ट्रंक तेवढी उरली. त्यातलं बरंचसं कसरीने खाल्लं. धड म्हणावेत असे पंचवीस-तीस अंक आहेत. धड म्हणजे आमच्या हिशेबाने! खाऱ्या हवेने पिना गंजून पानं सुटायला लागली की बाबा त्या उपटून काढायचे, दाभणाने भोकं पाडायचे आणि गोधडीच्या दोऱ्याने टाके घालायचे. वर दुकानाचा जांभळा शिक्का, तोही बहुतेक वेळा नायकाच्या तोंडावरच.

तर कुडाळला अमर चित्र कथेसाठी काम केलेले एक ज्येष्ठ चित्रकार येणार आहेत. आयोजकांनी कळवलंय की 'अमुक यांस' असं नाव घालून सही हवी असेल तर ती विनामूल्य, माणशी एक. नुसती सही हवी असेल तर प्रत्येक अंकाला पाचशे रुपये.

धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याचं म्हणणं, सगळ्या अंकांवर कोऱ्या सह्या घे, नाव अजिबात घालू देऊ नको, पुढे विकायला बरं पडेल. आणि त्याच फोनवर हेही म्हणतो की सहीचे पैसे मागणं म्हणजे शुद्ध लूट आहे! आई तर ऐकूनच म्हणाली, "नुसता नाव लिवक पाचशे?"

मला स्वतःला पैसे मागण्यात गैर वाटत नाही. पण पंचवीस अंकांचे साडेबारा हजार होतात. ते वसूल होतील का? परदेशात म्हणे सही केलेली कॉमिक्स प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून देतात, तसं काही इथून करता येईल का? आणि सही कुठल्या पेनाने घ्यावी?

सड्यावरचा

आधी भावाला गप्प करा. वेताळ आणि मांड्रेक ली फॉक या लेखकाचे. तो १९९९ साली गेला. त्या अंकांवर या चित्रकारांची सही घेऊन काय करणार? त्यांनी स्वतः काढलेले अंक वेगळे करा, पंचवीसचे चार-पाच होतील. त्यातही पहिल्या छपाईचे किती ते बघा. अमर चित्र कथा १९६७ पासून निघतेय आणि तेच अंक पुन्हा पुन्हा छापले गेलेत, त्यामुळे नुसतं जुनं दिसतंय यावर जाऊ नका.

प्लॅस्टिकच्या पेटीचं म्हणाल तर ते काम करणारी सीजीसी नावाची कंपनी अमेरिकेत फ्लोरिडाला आहे. अंकाला ०.५ ते १० असा दर्जा देतात. सही खरी असल्याचं त्यांचं पिवळं लेबल हवं असेल तर सही होताना त्यांचा साक्षीदार समोर हजर लागतो. कुडाळला तो कुठून आणणार? साक्षीदाराविना झालेली सही खरी आहे हे ते नुसत्या आपल्या सांगण्यावर मानत नाहीत. शिवाय तुमच्या अंकांना टाके आणि शिक्का. दर्जा तळाचाच मिळेल. विकण्यासाठी पाचशे घालणार असाल तर घालू नका.

कोकमआगळ

मला मुळात हा प्रकार पटत नाही. सही म्हणजे वाचक आणि कलाकार यांच्यातली दोन मिनिटांची ओळख. तिला दर लावला की खिसा गरम असलेलाच पुढे जातो आणि शाळकरी पोर रांगेच्या बाहेर राहतं. सहीला भाव आला की खोट्या सह्याही बाजारात येतातच.

तात्या देवगडकर

कोकमआगळ, शाळकरी पोराक सही फुकटच आसा, वर नीट वाच. पैशे कोऱ्या सयेचे आसत.

मी आंबा बागायतदार. पेटी दलालाक एका भावान देतंय आणि दारात इलेल्या पावण्याक दोन आंबे असेच कापून घालतंय. ह्यात लूट खय इली? विसाचो गठ्ठो घेवन रांगेत उभो रवणारो दलालच. त्येका भाव लावलो तर बिघडला काय?

सड्यावरचा

तात्यांना अनुमोदन. बाहेरही कित्येक चित्रकार हेच करतात. नाव घातलेली सही फुकट, कारण 'चि. बंड्यास' लिहिलेला अंक दुसरा बंड्या भेटेपर्यंत विकला जात नाही.

आणि मागची बाजूही बघा. सुपरमॅन निर्माण करणाऱ्या सीगल आणि शुस्टर या जोडीने १९३८ मध्ये त्याचे सगळे हक्क १३० डॉलरना दिले. पुढे कंपनीने अमाप कमावलं. या दोघांना वर्षासन मिळालं ते १९७५ च्या अखेरीस, तेही वर्तमानपत्रांतून बोंबाबोंब झाल्यावर. म्हातारपणी सहीचे पैसे घेणाऱ्याला लुटारू म्हणताना माझी तरी जीभ रेटत नाही.

गणपतीपुळ्याची माई

पेनाचं मी सांगते, माझ्याकडे अशा बऱ्याच वह्या-पुस्तकांवर सह्या आहेत. बॉलपेन नको, मुखपृष्ठावर खोबण पडते. जेल पेन आपल्या दमट हवेत वाळता वाळत नाही, हाताला लागून फरफटतं. बारीक टोकाचा परमनंट मार्कर घ्या, पण फक्त गुळगुळीत मुखपृष्ठावर. आतल्या पानावर तो पलीकडे फुटतो. सही झाली की लगेच पिशवीत कोंबू नका, पाच-दहा मिनिटं उघडं धरा. घरी आल्यावर पावसाळ्यात हवाबंद प्लॅस्टिकात ठेवू नका, आतल्या आत बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि अधूनमधून बदलायच्या.

टाके मात्र उसवू नका हो. वडिलांच्या हातचे आहेत.

दाभणदोरा

सर्वांचे आभार. ट्रंक उपसून बसलो होतो. त्यांनी काढलेले चारच अंक निघाले, तेही सगळे नंतरच्या छपाईचे. भावाला कळवलं. तो म्हणाला, मग राहू दे.

मी जाणार आहे. एका अंकावर आईच्या नावाने फुकटची सही घेईन, आणि दुसऱ्या एकावर पाचशे देऊन नुसती. ती विकायची नाहीये. बाबांनी त्यांची चित्रं वर्षानुवर्षं भाड्याने फिरवली, त्यातला काही वाटा त्यांच्याकडे जावा असं वाटतं, एवढंच. सड्यावरचा म्हणेल पैसे वाया गेले, तर म्हणो.

वेंगुर्ल्यात बारीक टोकाचा मार्कर मिळाला नाही, सगळीकडे जाडेच आहेत. सावंतवाडीहून कोणी रविवारी येत असेल तर एक काळा घेऊन या, पैसे तिथेच देतो.