पहिल्यांदाच पोपट पाळणार आहोत. फ्लॅटमध्ये कोणती जात योग्य ठरेल?

प्रश्न: कारेलीबागवासी

नमस्कार. आम्ही वडोदऱ्यात कारेलीबागेतील एका फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझी मुलगी पाचवीत आहे आणि बोलणारा पोपट घरी आणावा, असा तिचा फार दिवसांचा हट्ट आहे. वार्षिक परीक्षा संपल्यावर तो पुरवण्याचे आम्ही कबूल केले आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे दिवसभर घरी सासूबाई एकट्याच असतात. त्यांना दम्याचा जुना त्रास आहे. बाजारात चौकशी केली तेव्हा दुकानदाराने आधी बजरीगर, कॉकॅटियल आणि सन कन्यूर दाखवले. मग फडके टाकलेल्या करंडीतून आपल्याकडच्या हिरव्या पोपटाची, अर्धवट पिसे फुटलेली पिल्ले बाहेर काढून, "बोलायला हाच शिकतो, याचे काही करावेही लागत नाही," असे सांगितले. आमच्या घरात याआधी कोणीही पक्षी पाळलेला नाही. आम्ही कोणती जात घ्यावी, एक घ्यावा की जोडी, आणि शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास तर होणार नाही ना, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: मांजलपूर

ताई, करंडीतल्या त्या पिल्लांचा विचार आधी मनातून काढून टाका. गळ्याभोवती कंठ असलेला आपला हिरवा पोपट आणि त्याच्याहून मोठा, खांद्यावर तांबडा डाग असलेला पहाडी पोपट, हे दोन्ही पक्षी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. 2022 च्या दुरुस्तीनंतर त्यांचा समावेश दुसऱ्या अनुसूचीत झाला असून त्यांना पकडणे, विकणे किंवा विकत घेऊन घरी ठेवणे हा गुन्हा आहे. त्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अनेक घरांच्या ओसरीवर असे पिंजरे टांगलेले दिसतात, म्हणून ते चालते असे कृपया समजू नये. कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी, ही पिल्ले झाडांच्या ढोलींतून आईबापांपासून ओढून काढलेली असतात, गर्दीत कोंबून आणलेली असतात आणि त्यांतली कितीतरी बाजारात पोहोचण्यापूर्वीच मरतात. एक पिल्लू विकत घेतले की दुसरे काढायला माणूस पुन्हा त्याच झाडावर चढतो. मुलीला हा पोपट जवळून पाहायचाच असेल, तर संध्याकाळी तिला सयाजीबागेत घेऊन जा. दिवस मावळताना थवे झाडांवर उतरतात, तेव्हा त्यांचा जो कलकलाट चालतो तो कोणत्याही पिंजऱ्यात ऐकू येणार नाही.

सन कन्यूर दिसायला फार देखणा आहे, पण फ्लॅटसाठी अगदीच अयोग्य. त्याची किंकाळी बंद दारांतून दोन मजले खाली ऐकू जाते. शिवाय हा दक्षिण अमेरिकेतील पक्षी वन्य प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्यामुळे 2024 च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे. बजरीगर आणि कॉकॅटियल या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांना ही नोंदणी लागत नाही.

आपल्या घराकडे पाहता मी बजरीगरच सुचवीन. आपल्याकडे बरेच दुकानदार त्याला लव्हबर्ड म्हणून विकतात, परंतु खरा लव्हबर्ड हा आफ्रिकेतील, आखूड शेपटीचा आणि बराच भांडखोर पक्षी आहे. तो नवख्यांनी घेऊ नये. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1840 मध्ये जॉन गूल्ड यांनी तो जिवंत इंग्लंडात नेला आणि तेव्हापासून पिंजऱ्यात त्याची पैदास होत आली आहे. आपण घेतो ते पक्षी रानातून पकडलेले नसतात, ही मला त्यातली सर्वांत समाधानाची बाब वाटते. लांबी जेमतेम 18 सेंटिमीटर, वजन 30 ते 40 ग्रॅम, आयुष्य साधारण 5 ते 10 वर्षे. दिवसभर तो बारीक आवाजात किलबिलत राहतो, पण भिंतीपलीकडे त्याचा त्रास होत नाही. आपण दोघे दिवसभर बाहेर असता, म्हणून जोडीच घ्यावी. एकटा ठेवलेला थव्यातला पक्षी माणसाचा सहवास मिळाला नाही तर खंगतो आणि स्वतःचीच पिसे उपटू लागतो.

उत्तर: दांडिया बाजार

वरील बहुतेक मतांशी मी सहमत आहे, तरीही कॉकॅटियलविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. इतका सौम्य आणि माणसाला लळा लावणारा पक्षी मी दुसरा पाहिलेला नाही. नर शीळ घालून सूर उचलतो, तुरा वरखाली करून मनातले सांगतो, आणि मान खाली घालून कानामागे खाजवून घेण्यासाठी बोटाची वाट पाहत उभा राहतो. चांगली निगा असेल तर तो 15 ते 20 वर्षे जगतो. म्हणजे आपली मुलगी शिक्षण संपवून नोकरीला लागेल, तेव्हाही त्याची जबाबदारी घरात असेल, हा हिशोब घेण्यापूर्वी करावा.

मात्र आपल्या घरी दम्याचा रुग्ण आहे, म्हणून मीच आपल्याला तो घेऊ नका असे सांगेन. कॉकॅटियल हा काकाकुवाच्या कुळातला पक्षी. त्याच्या अंगावरील काही पिसांचा सतत चुरा होतो आणि तो पांढऱ्या भुकटीसारखा पिंजऱ्याच्या आसपासच्या फर्निचरवर साचतो. काळ्या टीव्हीवर बोट फिरवले तर दोन दिवसांत रेघ उमटते. बजरीगरच्या पिसांची धूळ पुष्कळ कमी असते, पण ती अजिबात नसते असे नव्हे. त्यामुळे कोणताही पक्षी आणण्यापूर्वी सासूबाईंच्या छातीच्या डॉक्टरांना विचारावे, आणि त्यांनी नको म्हटले तर मुलीची समजूत घालून हा बेत सोडून द्यावा. पिंजरा त्यांच्या खोलीत तर कधीच नको, आणि सफाईचे काम त्यांच्याकडे मुळीच नको. विष्ठा ओल्या कागदाने पुसून काढावी, कोरडी झाडू नये. सिटॅकोसिस नावाचा आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला होऊ शकतो.

कारेलीबागवासी

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांना उद्याच फोन करते. त्यांनी संमती दिली तर बजरीगरची जोडी घ्यायची, हे आता निश्चित. लहान आणि निरोगी पक्षी कसा ओळखावा, नर-मादी कसे पाहावे आणि बजरीगर खरेच बोलतो का, एवढे कृपया सांगावे, कारण मुलीचा सगळा जीव त्या बोलण्यात आहे.

उत्तर: मांजलपूर

बोलतो, आणि नर अधिक बोलतो. कॅलिफोर्नियातील पक नावाच्या बजरीगरला 1,728 शब्द येत होते, अशी गिनेस बुकात नोंद आहे. पण त्याचा आवाज बारीक आणि भरभर असतो, शब्द कान देऊन ऐकावे लागतात. शिवाय दोन पक्षी एकत्र असले की ते माणसापेक्षा एकमेकांशीच जास्त बोलतात. तो बोललाच पाहिजे या अटीवर पक्षी आणू नये, हे मुलीला आधीच सांगून ठेवावे.

पक्षी पाहताना चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवतीचा मऊ भाग नीट पाहा. मोठ्या नरात तो निळा असतो, मादीत तपकिरी किंवा फिकट. पिल्लांत तो गुलाबी-जांभळा असल्यामुळे नर-मादी सहसा खात्रीने सांगता येत नाहीत. कपाळावरील काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत आलेल्या आणि डोळे पूर्ण काळे असतील, तर पक्षी तीन-चार महिन्यांच्या आतला समजावा. असाच पक्षी लवकर माणसाळतो. रेघा मागे सरकून कपाळ पिवळे किंवा पांढरे झालेले असेल, तर पहिली पिसे झडून गेलेली असतात. शेपटीखाली विष्ठा चिकटलेला, पिसे फुगवून कोपऱ्यात बसलेला किंवा श्वासाबरोबर शेपूट हलवणारा पक्षी स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

दोन नर घ्यावेत, असे माझे मत आहे. त्यांचे चांगले जमते आणि अंड्यांचा प्रश्न येत नाही. नर-मादी घेतलेच तर पिंजऱ्यात घरट्यासाठीची मातीची मटकी टांगू नका. मटकी दिसली की मादी अंडी घालू लागते, आणि कॅल्शियम कमी पडले तर अंडे अडकून तिचा जीव जातो. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा एक तुकडा मात्र पिंजऱ्यात नेहमी असावा. काष्ठौषधींच्या दुकानात तो सहज मिळतो.

पिंजरा उंच किंवा गोल नको, आडवा आणि लांब हवा, आणि दोन गजांतील अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. एकसारख्या प्लास्टिकच्या दांड्यांऐवजी पेरू किंवा कडुलिंबाच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या धुऊन लावाव्यात, म्हणजे पायाला फोड येत नाहीत. राळे आणि बाजरी हे मुख्य अन्न असले तरी केवळ दाण्यांवर पक्षी स्थूल होतो. त्याच्या जोडीला मेथी, कोथिंबीर, किसलेले गाजर आणि सफरचंदाची बी काढलेली फोड रोज द्यावी. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा आणि मिठाचे पदार्थ देऊ नयेत.

उत्तर: दांडिया बाजार

त्यात एक भर घालतो. नॉनस्टिक तवा रिकामा राहून फार तापला, तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा. उदबत्ती आणि डासांची कॉइलही त्याच खोलीत नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा गॅलरीत पिंजरा ठेवू नये, आणि कूलरचा झोतही थेट पक्ष्यावर येऊ देऊ नये. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून लांब धरून तो धापा टाकू लागला, तर त्याला ताबडतोब गार खोलीत नेऊन उथळ ताटलीत पाणी द्यावे.

पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवावा, कारण कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी तपासत नाहीत. इथे कोणी मिळाले नाही तर आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगोत्सवाच्या, दोन्ही दिवशी, 14 आणि 15 जानेवारीला, गच्चीवरील लाउडस्पीकर आणि रात्रीचे फटाके सुरू होण्यापूर्वी पिंजरा सर्वांत आतल्या खोलीत न्यावा, तीन बाजूंनी पातळ चादर टाकावी आणि रात्रभर मंद दिवा चालू ठेवावा, कारण काळोखात दचकलेला पक्षी गजांवर आपटून पंख मोडून घेतो.