‘थांबून पाहा’ हा सल्ला लहान पिल्लाच्या जुलाबांना चालत नाही

अबोली

रानवाट यांचा ‘पिल्लांची पोटे आपोआप ताळ्यावर येतात’ हा लेख वाचला आणि उत्तर दिल्यावाचून राहवले नाही. त्यांचा सल्ला असा आहे की, मांजरीच्या पिल्लाला जुलाब लागले तर त्याला २४ तास उपाशी ठेवावे, मग पाणी घातलेले दूध आणि उकडलेली कोंबडी द्यावी, आणि महिनाभर तरी डॉक्टरांकडे जाऊ नये, कारण औषधांनी पोट अधिकच बिघडते.

मोठ्या मांजराची एखादी वेळ चुकली तर ते निभावून नेते. सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या अंगात साठाच जेमतेम असतो. काही तास पोटात काही गेले नाही की रक्तातली साखर उतरते, अंग गार पडते आणि पाय लटपटू लागतात. दुधाचेही तसेच. दुधातली साखर पचवण्याची ताकद आईचे दूध सुटता सुटता कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. पाणी घातल्याने ती साखर नाहीशी होत नाही.

माझ्याकडे आलेले पिल्लू सात आठवड्यांचे होते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर भांडे ठेवून मी रोज त्याचे वजन करीत असे. सोमवारी ६४० ग्रॅम भरले, गुरुवारी ६१०. या वयात दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम वाढायला हवे. ते खेळत होते, खात होते, त्यामुळे घरातले सगळे मला उगाच काळजी करतेस असे म्हणत होते. पण मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच खाली बसत नव्हती, आणि हिरडीला बोट लावले तर ते चिकटत होते, म्हणजे अंगातले पाणी कमी झाले होते. त्या दिवशी मी महिनाभर थांबायचे ठरवले असते, तर आज हे लिहायला मला कारणच उरले नसते.

रानवाट

आपण माझा लेख वाचलात, पण त्यामागचे दहा आठवडे आपल्याला ठाऊक नाहीत. माझ्या बोक्याला त्या काळात तीन वेळा मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक दिले गेले. ते इतके कडू असते की जिभेला लागताच त्याच्या तोंडातून फेस येई, आणि पुढे पुढे तर गोळ्यांच्या पाकिटाचा आवाज ऐकूनच तो कपाटाखाली शिरू लागला. प्रत्येक वेळी पाच दिवस शी घट्ट होई आणि औषध संपले की पुन्हा तोच शेणासारखा गोळा, तीच आव, तोच वास. शेवटी मी सगळे बंद केले आणि उकडलेल्या कोंबडीवर ठेवले. नऊ महिन्यांचा झाला तोवर तो ठणठणीत बरा झाला होता. हा अनुभव मी नजरेआड करू शकत नाही.

पिंपळपान

रानवाट, त्या दहा आठवड्यांत एकदा तरी कोणी त्याची शी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली का?

रानवाट

नाही. एकदाही नाही.

पिंपळपान

मग दोष औषधापेक्षा न तपासता औषध देण्याचा आहे. वजन बऱ्यापैकी टिकून आहे, थोडी थोडी शी वारंवार होते, तिच्यात आव आणि क्वचित रक्ताची रेघ असते, प्रतिजैविकाने चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा पहिले पाढे, हे सारे ट्रायट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीला अगदी जुळते. मेट्रोनिडाझोलने तो जात नाही. त्यावर रोनिडाझोल चालते, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, कारण मात्रा जास्त झाली तर मज्जासंस्थेवर परिणाम होऊन तोल जातो. आणि औषध न देताही बहुतेक मांजरे दोन वर्षांच्या आत आपोआप बरी होतात. आपला बोका याच आजारातला असेल, तर तो कोंबडीने बरा झाला नाही, काळाने झाला. पण हे जियार्डिया, कॉक्सिडिया या दुसऱ्या एकपेशीय परजीवींना किंवा जंतांना लागू पडत नाही, आणि बाहेरून सगळ्यांची शी सारखीच दिसते.

‘आम्ही जंताचे औषध दिले होते’ असे अनेकजण सांगतात, म्हणून एक गोष्ट जोडतो. जंताचे नेहमीचे औषध गोल जंतांवर चालते, एकपेशीय परजीवींवर नाही. जियार्डिया रोजच्या शीत सापडेलच असे नसते, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्यावेत. ट्रायट्रायकोमोनाससाठी मात्र नमुना ताजा हवा आणि फ्रिजमध्ये ठेवलेला नसावा, कारण थंडीत ते जीव मरतात आणि तपासणीत काहीच दिसत नाही.

दुर्वा

आपण सगळे औषधांवर वाद घालत आहात आणि मुळाकडे कोणी पाहत नाही. पाचव्या आठवड्यात पिल्लू आईपासून ओढून आणायचे, त्याच दिवशी खाद्य बदलायचे, आणि आठवड्याने पोट का बिघडले म्हणून विचारायचे! आठ आठवड्यांआधी पिल्लू आणणाऱ्यांना मी यापुढे कोणताही सल्ला देणार नाही. खाद्य बदलायचे तर जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत सात ते दहा दिवस घ्यावे लागतात, एवढेही हे लोक करत नाहीत.

कौलारू

दुर्वाताई, आपल्या या वाक्याने मला फार लागले. माझी चार पिल्ले मी कोणाच्या कुशीतून ओढून आणली नव्हती. पावसात गटाराच्या कडेला खोक्यात सापडली, त्यांची आई कुठेच नव्हती. त्यांना सल्ला न देण्याची शिक्षा नेमकी कोणाला?

त्यांतल्या एकाला आधी पातळ शी झाली आणि मीही ‘आज थांबू, उद्या पाहू’ असेच म्हटले. दुसऱ्या दिवशी ते पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसले होते, नाक पाण्याला टेकत होते, पण ते पीत नव्हते. ते दृश्य मी विसरू शकत नाही. पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूचा आजार होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. सलाईन, उलटी थांबवणारी इंजेक्शने, सगळे झाले; चारांपैकी दोन वाचली.

दुर्वा

आपल्या पिल्लांबद्दल ऐकून वाईट वाटले, आणि मी ते वाक्य अनाथ पिल्लांना उद्देशून लिहिले नव्हते. पण माझा मुद्दा मी सोडणार नाही. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण ६ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान केव्हातरी ओसरते, आणि ते शिल्लक असेपर्यंत अशा आजारांची लस नीट लागू होत नाही. म्हणूनच लस एकदा देऊन भागत नाही, १६ आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. पिल्लू लवकर तोडले, घर बदलले, खाद्य बदलले, म्हणजे नेमक्या त्या नाजूक काळात आपण त्याच्यावर तिहेरी भार टाकतो.

पिंपळपान

मात्र आईजवळ राहिले की पोट सुरक्षित, असेही कोणी समजू नये. गोल जंतांच्या अळ्या आईच्या दुधातूनच पिल्लात उतरतात. ते अंडी घालू लागेपर्यंत शीच्या तपासणीत काही दिसतही नाही. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंताचे औषध देतात, तपासणीची वाट न पाहता.

दुर्वा

हे मला माहीत होते. तरीही आठ आठवडे हे माझे म्हणणे कायम आहे.

अबोली

कौलारू यांचे लिहिणे वाचून माझा राग रानवाट यांच्यावरून थोडा हलला, हे मान्य करते. त्यांच्या बोक्याला तीन वेळा तेच औषध न तपासता दिले गेले, ही त्यांची तक्रार खरी आहे, आणि या औषधाने आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात हेही खरे. पण त्यातून ‘डॉक्टरांकडे जाऊच नका’ हा निष्कर्ष निघत नाही. ‘शी सोबत घेऊन जा आणि ती तपासून मागा’ हा निघतो. नुसत्या उकडलेल्या कोंबडीबद्दलही एक सांगते: चार दिवसांपुरती ती ठीक, पण तिच्यात कॅल्शियम जवळजवळ नसते, आणि वाढत्या पिल्लाला आठवडेच्या आठवडे तीच दिली तर हाडे ठिसूळ होतात.

माझ्या पिल्लाला शेवटी जियार्डिया निघाला, तिसऱ्या नमुन्यात. फेनबेंडाझोल पाच दिवस दिले, मागचा भाग रोज कोमट पाण्याने धुतला, त्याच्या शीचा ट्रे दिवसातून दोनदा रिकामा केला, कारण केसांना चिकटलेले चाटूनच त्याला पुन्हा लागण होते. बाराव्या दिवशी काटा ७०५ वर गेला.

रानवाट

आपला सूर मला आवडलेला नाही, आणि माझ्या बोक्याला मी कोंबडीवर ठेवले याचा पश्चात्तापही नाही. पण तो त्या वेळी चार महिन्यांचा आणि अडीच किलोचा होता, ही गोष्ट मी लेखात लिहायला हवी होती. ६०० ग्रॅमच्या पिल्लासाठी उपाशी ठेवण्याचे वाक्य मी आज काढून टाकतो, आणि महिनाभर थांबण्याच्या जागी ‘दोन दिवसांत फरक नसेल, उलटी असेल, खाणे सोडले असेल किंवा वजन घटत असेल, तर त्याच दिवशी शी घेऊन जा’ असे लिहितो.

अबोली

दुधाचे वाक्यही काढा.

रानवाट

काढले.